वाकड्या मानेची गळपट्टी

माझी मावशी माणसाच्या तोंडाकडे नंतर बघते, आधी मानेकडे. नवा माणूस दारात उभा राहिला की तिची नजर त्याच्या हनुवटीखाली जाते, तिथं थोडी रेंगाळते, आणि मग वर येऊन ती म्हणते, "या, बसा." ज्याच्याशी मी पुढं लग्न केलं त्याला पहिल्यांदा तिच्याकडे नेलं, तेव्हा तो बिचारा नवा शर्ट आणि चकचकीत बूट घालून बराच वेळ शहाण्यासारखा बसला होता. तो गेल्यावर मी विचारलं, "कसा वाटला?" मावशी म्हणाली, "मान चांगली आहे. गुळगुळीत, कंठ फार पुढं नाही." मी म्हटलं, "अगं, मला त्याच्याशी संसार करायचाय, त्याला पाण्यात नाही सोडायचं." त्यावर ती म्हणाली, "सांगता येत नाही."

आमच्या बंदराचं पाणी बारा महिने गार. साध्या कपड्यांत उतरलं तर थोड्याच वेळात दात वाजायला लागतात, बोटं वळत नाहीत आणि हातातला पाना तळाला जातो. म्हणून आम्ही पाणबुडे ड्रायसूट घालतो. हा पोशाख म्हणजे पायाच्या बोटांपासून मानेपर्यंत एकसंध रबरी पिशवी. आत उबदार कपडे घालायचे, वरून पिशवी चढवायची, की पाणी बाहेर आणि आपण आत कोरडे. डोकं मात्र पिशवीबाहेर काढावंच लागतं. ते जिथून बाहेर येतं तिथं मऊ रबराची एक पट्टी मानेला लपेटून बसते. तिला सगळे सील म्हणतात. मावशी आधी शिवणकाम करायची, त्यामुळे ती गळपट्टी म्हणते, आणि तिचं ऐकून ऐकून आम्हीही तेच म्हणतो. पाणी शिरायचं तर बहुतेक वेळा इथूनच शिरतं. गळ्यातून गळतं हा विनोद आमच्याकडे इतक्या वेळा झालाय, की नवा माणूस तो करायला लागला की जुने उठून चहाला जातात.

घरामागच्या खोलीत मावशीचं लांब टेबल आहे. त्यावर रबराचे तागे, कात्र्या, डिंकासारख्या चिकट सोल्यूशनचे डबे. वासाने डोकं धरतं म्हणून खिडकी थंडीतही उघडी. भिंतीवर खिळ्यांची रांग, आणि प्रत्येक खिळ्याला सुती नाडीचा एक तुकडा लटकलेला. ती नाडी म्हणजे एकेका पाणबुड्याच्या मानेचं माप. कुणाचं कुठलं ते कुठंही लिहिलेलं नाही. मी एकदा खोडी काढायला दोन नाड्यांची अदलाबदल केली होती. मावशीने खोलीत पाऊल टाकल्या टाकल्या, पाठ फिरवूनच म्हटलं, "बटाट्याची मान एवढी बारीक कधी झाली गं?"

बटाट्या म्हणजे आमच्यातला सगळ्यात आडवा पाणबुडा. त्याला मान अशी जवळजवळ नाहीच. डोकं संपतं तिथं खांदे सुरू होतात. त्याच्या गळपट्टीसाठी मावशीने जेवढी डोकेफोड केली तेवढी माझ्या शिक्षणासाठी घरात कुणी केली नसेल. आणि या गड्याने काय करावं? एकदा मानेजवळ दोन थेंब आत आले म्हणून त्याने स्वतःच्या बुद्धीने पट्टीवरून रबराचा पट्टा आवळला. पाण्यातून शिडीवर चढता चढता त्याच्या डोळ्यांपुढं अंधारी आली आणि तो पोत्यासारखा मुकादमाच्या अंगावर पडला. मानेच्या दोन्ही बाजूंच्या शिरा दाबल्या गेल्या की असंच होतं. मावशीने त्याला टेबलापुढं उभं करून असा काही झापला, की तो अजूनही तिच्यासमोर मफलर बांधत नाही.

"सगळ्यांना वाटतं घट्ट म्हणजे कोरडं," मावशी म्हणायची. "पट्टीने मान धरायची नसते रे, मानेला टेकायचं असतं. बाकीचं काम बाहेरचं पाणीच करतं. ते दाबतं ना तिला."

आणि खरंच, नीट बसलेली गळपट्टी कळतसुद्धा नाही. तिची कड आतल्या बाजूला दुमडायची, म्हणजे रबराची गुळगुळीत बाजू कातडीला लागते आणि पाणी जितकं दाबेल तितकी ती चिकटते. फक्त मध्ये काही येता कामा नये. एक केस आला तरी त्याच्या कडेने पाणी आत उतरतं. बनियनची किनार वर सरकली तर ती वातीसारखं पाणी ओढते. दाढीचे खुंट, गळ्यातली साखळी, तोंडाला फासलेलं तेलकट मलम, पट्टीला पडलेली सुरकुती, यांतलं काहीही पुरतं. माझे केस लांब असल्यामुळे मी मावशीच्या डोळ्यांत सलायचे. मी पाणबुड्यांचं काम करणार म्हटल्यावर तिने मला जोखमीबद्दल चकार शब्द ऐकवला नाही. "बुचडा वर बांधायचा, मानेवरची लव काढायची," एवढंच बजावलं.

या मावशीचा नवरा म्हणजे माझे काका. बंदरातले सगळ्यात जुने पाणबुडे. पाठीमागे सगळे त्यांना पाणकावळा म्हणतात, कारण बाहेर आले की ते हात पसरून उन्हात उभे राहतात आणि कुणाशी बोलत नाहीत. हे नाव त्यांना माहीत आहे आणि मनातून आवडतंही. बंदराची भिंत पाण्याखाली कुठं पोखरली आहे, कुठल्या खांबाला शिंपल्यांचे थर चढले आहेत, हे त्यांना स्वतःच्या घरातल्या सामानापेक्षा जास्त ठाऊक. घरात त्यांना मिठाची बरणी सापडत नाही. पाण्यावर त्यांचं इतकं प्रेम, की मावशी म्हणायची, "माझी सवत खारट आहे." काकांनी तिच्या हातचा सोडून दुसरा सूट कधी अंगाला लावला नाही, आणि तिनेही त्यांची पट्टी डोळे मिटून कापावी असं चाललं होतं.

अशा काकांचा सूट गळायला लागला.

पहिल्या दिवशी आम्ही हसलो. काका वर आले, सूट उतरवला, तर आतल्या कपड्यांचा उजवा खांदा आणि छातीची उजवी बाजू ओलीगच्च. बटाट्या म्हणाला, "काका, पाणकावळ्यालाही पाणी लागतं का?" काका हसले नाहीत. मावशीने पट्टी काढून नवी बसवली. पुन्हा तेच. तिने आणखी मऊ रबर आणून तिसरी बसवली. पुन्हा उजवा खांदा ओला. मग एका सकाळी काकांनी धक्क्यावर, सगळ्यांदेखत, सूट तिच्या पायाशी टाकला आणि म्हणाले, "तुझा हात गेला आता. सोडून दे हे काम."

मावशी नाकावर माशी बसू देत नाही. माझी खात्री होती की आता काकांची धडगत नाही. पण तिने खाली वाकून सूट उचलला, घडी घातली आणि घरी निघून गेली. मला काकांचा असा राग आला की त्या दिवशी मी त्यांच्याशी खुणेनेसुद्धा बोलले नाही, आणि पाण्याखाली दुसरं काही बोलता येत नाही.

काकांचं बोलणं वाऱ्यासारखं पसरलं. पाणकावळा म्हणतो मावशीचा हात गेला, म्हणजे गेलाच असेल. त्यानंतर एकेकाला आपापला सूटही ओला लागायला लागला. घामालाही लोक गळती म्हणू लागले. एकाने तर आपल्याला ताप आला होता त्याचंही खापर गळपट्टीवर फोडलं. शेवटी मुकादम मावशीच्या खोलीत आला. माणूस वाईट नाही, पण गार पाण्यात माणसं उतरवायची म्हणजे त्याच्या जिवाला घोर असतो. तो दारातच घुटमळला. म्हणाला, "मावशी, तुम्हाला मी काय सांगणार. पण भिंतीचं मोठं काम पुढं आहे. बाहेरच्या कारखान्यात तयार सूट मिळतात. सोमवारी काका कोरडे वर आले नाहीत, तर मला सगळे सूट तिकडून मागवावे लागतील."

"म्हणजे हे टेबल बंद," मावशी म्हणाली.

"तसंच समजा," मुकादम म्हणाला आणि टोपी हातात घेऊन गेला.

मावशीचं सगळं आयुष्य त्या टेबलाशी गेलेलं. मूल नाही. बंदरातल्या सगळ्या माना हीच तिची माणसं. कोण वाळलंय, कुणाला बाळसं आलंय, कुणाचं घरी भांडण होऊन दाढी वाढलीय, हे तिला मानेवरून कळायचं. ते टेबल बंद झालं तर ती काय करेल हे माझ्या डोळ्यांपुढं येईना. मी तिला म्हटलं, "तू काकांना बोलत का नाहीस? त्यांनी तुझं नाव घालवलं."

"बोलेन की," ती म्हणाली. "आधी पाणी कुठून येतं ते कळू दे. मग ज्याला बोलायचं त्याला बोलेन."

आणि ती कामाला लागली. सूटची मनगटं बांधली, गळ्यात बरोबर बसेल असा डबा खुपसला, आत हवा भरली आणि सूट टम्म फुगवला. खोलीत एक बिनडोक्याचा जाडा माणूस बसल्यासारखा दिसत होता. मग साबणाचं पाणी ब्रशने शिवणींवर, पट्टीच्या जोडावर, सगळीकडे लावलं. कुठं भोक असतं तर फेस आला असता. कुठंही बुडबुडा नाही. मग तिने काकांची मान धरली. रोज सकाळी त्यांना अंगणात स्टुलावर बसवायची आणि स्वतःच्या हाताने दाढी करायची, कानामागे, हनुवटीखाली, पार खांद्यापर्यंत. दोघांमध्ये बोलणं बंद, पण काका मान वर करून मुकाट बसायचे. मी एकदा म्हटलं, "मावशी, या भांडणात वस्तरा तुझ्या हातात आहे, लक्षात ठेव." काकांच्या तोंडावर साबण होता म्हणून ते हसले की नाही ते कळलं नाही.

तरी गळती थांबेना. तेव्हा तिने काकांचं ओलं बनियन माझ्याकडून मागवून घेतलं, न पिळता, जसंच्या तसं. टेबलावर पसरलं आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून बघत राहिली.

"केसाने गळलं तर एक बारीक रेघ येते," ती म्हणाली. "किनार अडकली तर गोल पसरतं. हे बघ. हे एकाच जागेवरून, सावकाश, सतत आलंय. कंठाच्या उजवीकडून." मग तिने माझा हात धरून मला समोर उभं केलं. "डावीकडे बघ. आणखी. तशीच राहा." तिचं बोट माझ्या मानेच्या उजव्या बाजूला फिरलं. मान डावीकडे वळवली की उजवीकडची शीर दोरीसारखी वर येते आणि तिच्या कडेला खळगी पडते. त्या खळगीत तिचं बोट आरामात बसलं. "पट्टी इथून उचलली जाते. सगळ्यांचीच. पण माणूस डावीकडे बघतो आणि परत सरळ बघतो, तेवढ्यात थेंबसुद्धा येत नाही." ती थांबली. "हे खाली इतका वेळ डावीकडे काय बघतात?"

दुसऱ्या दिवशी आमची दोघांची जोडी होती. मी काम कमी केलं आणि काकांकडे जास्त बघितलं. भिंतीपुढं ते सरळ उभे होते, हात भिंतीवर, पण तोंड डावीकडे. कोंबडी दाणा बघते तसं, एका बाजूने. मी त्यांच्या डावीकडे गेले की ते न कळत फिरून मला उजवीकडे आणायचे. मध्येच वरच्या बोटीची सैल सुटलेली जाड तार झोके घेत आमच्याकडे आली. आली ती काकांच्या डावीकडून. मला दिसली. काका हातोडी चालवत होते. मी त्यांना दंडाला धरून ओढलं, आणि तार त्यांच्या खांद्यावरून गेली. वर आल्यावर मी म्हटलं, "काका, तार दिसली नाही?" म्हणाले, "दिसली होती. मी सरकणारच होतो."

मी हे सगळं मावशीला सांगितलं. ती रबर कापत होती. कात्री थांबली. ती म्हणाली, "जेवायला बसताना हल्ली टोकाची खुर्ची घेतात. मला वाटलं माझ्यावर रुसलेत." ती उठली आणि बाहेरच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. काका खिडकीशी पेपर वाचत होते. पेपर समोर आणि तोंड डावीकडे. डावा डोळा खिडकीबाहेर, काहीच न बघता, आणि अक्षरांवर फिरत होता तो फक्त उजवा.

"एक डोळा गेलाय यांचा," मावशी माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली.

त्या क्षणी तिला टेबल वाचवता आलं असतं. मुकादमाकडे जायचं आणि हे एक वाक्य सांगायचं, की झालं. नाव परत, काम परत. मी तर चपला पायात सरकवल्यासुद्धा. मावशीने मला दटावून बसवलं. "आणि यांचं काय? मुकादम एका डोळ्याच्या माणसाला पाण्यात सोडेल का? पाण्याशिवाय हा माणूस म्हणजे..." ती नुसतीच नाकाने फुरफुरली.

मग तिने एक अजब काम केलं. खिळ्यावरची नाडी काढली आणि पेपर वाचणाऱ्या काकांच्या मागे जाऊन उभी राहिली. "हलू नका," म्हणाली. काका पेपरातून मान न काढता म्हणाले, "किती वेळा मापं घेशील?" ती घेत राहिली. नाडीने, बोटांनी, मध्येच कागदाचा तुकडा मानेशी धरून खडूने रेघा मारत. परत येऊन तिने नवी गळपट्टी कापली. आजवर पाहिलेल्या कुठल्याच पट्टीसारखी ती नव्हती. एका बाजूला उंच, एका बाजूला खोल, आणि त्या खळगीसाठी आतून रबराचा एक नाजूक उंचवटा. रबर जोडताना तिची जीभ दातांत यायची तशी आलेली. पूर्ण झाल्यावर तिने ती हातावर धरून फिरवून पाहिली. तिला स्वतःलाच आपलं काम आवडलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

रविवारी दुपारी तिने काकांना टेबलापुढं बोलावलं, सूट चढवला, पट्टीची कड आत दुमडली. म्हणाली, "पेपर वाचता तशी मान ठेवा." काकांनी ठेवली. तिने बादलीतून तांब्या भरला आणि त्यांच्या मानेवर सावकाश ओतला. पुन्हा भरला, पुन्हा ओतला. पाणी सगळीकडून घरंगळून फरशीवर आलं. आत थेंब नाही. काकांचा चेहरा उजळला. "हं," ते म्हणाले. "आता जमलं बघ तुला."

"आता सरळ माझ्याकडे बघा," मावशी म्हणाली.

काकांनी मान सरळ केली. उजवीकडे पट्टीचं तोंड उघडलं. तिने तिथंच तांब्या ओतला, आणि गार पाणी त्यांच्या छातीवरून पार कमरेपर्यंत गेलं. काका ओरडले नाहीत. ते तिच्याकडे बघत उभे राहिले, आणि त्यांच्या लक्षात आलं.

"कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"बनियन बघून संशय आला. तुम्ही पेपर वाचताना खात्री पटली. डॉक्टरला दाखवलं?"

"दाखवलं. आतली नस सुकली म्हणाला. परत येत नाही." मग त्यांनी मानेवरची ती पट्टी बोटांनी चाचपली, तो नाजूक उंचवटाही चाचपला. "पण ही चालेल की. मी मान अशीच ठेवतो. उद्या कोरडा वर येतो. तुझं टेबल राहील, माझं पाणी राहील. कुणाला काय कळतंय?"

खरं सांगायचं तर मला वाटलं, हेच बरं. दोघांचंही भलं. मावशीने तांब्या टेबलावर ठेवला.

"कळणार नाही कुणाला," ती म्हणाली. "मी केलीय तशीच. कोरडे राहाल. पण ती तार पुन्हा डावीकडून आली, तर मला येऊन कोण सांगणार? ही?" तिने माझ्याकडे हात केला. "मला ते ऐकायचं नाही. टेबल गेलं तरी चालेल."

काकांनी सूट ओरबाडून काढला आणि ते बाहेर निघून गेले. जाताना दाराच्या डाव्या चौकटीला खांदा आपटला. मावशी फरशी पुसायला बसली. मी फडकं मागितलं तर तिने दिलं नाही.

सोमवारी सकाळी सगळे धक्क्यावर जमलो. थंडी मी म्हणत होती. मुकादम, बटाट्या, बाकीचे, सगळे आपापल्या सामानाशी चाळा करत होते, पण कान एकीकडेच. मावशी सूट हातावर टाकून स्वतः आली. एरवी ती धक्क्यावर क्वचितच येते. काका तिच्या आधी येऊन कडेला उभे होते.

"मावशी, आज कोरडा निघाला पाहिजे," मुकादम म्हणाला. त्याला ते म्हणताना लाज वाटत होती.

काकांनी सूट घ्यायला हात पुढं केला. मावशीने सूट सोडला नाही. एक बाही त्यांच्या हातात, एक तिच्या. लांबून बघणाऱ्यांना वाटलं असेल, नवरा-बायको भांडतायत. मी जवळ होते, म्हणून मला ऐकू आलं. ती म्हणाली, "मी सांगू, की तुम्ही सांगता?"

काकांनी पाण्याकडे पाहिलं. त्यांचा जबडा हलत होता. मला वाटलं ते तिच्या हातातून सूट हिसकावून घेतील. माझी पावलं पुढं सरकली. मग त्यांनीच बाही सोडली.

"मुकादम," ते म्हणाले, "गळपट्टीत दोष नव्हता. पहिलीतही नव्हता. माझा डावा डोळा गेलाय. एकाच डोळ्याने बघायचं म्हणून मी मान वाकडी ठेवतो, तिथून पाणी येतं. हिचा हात चांगला आहे. मी खोटं बोललो."

बटाट्याने उगाच आपला पट्टा सोडून पुन्हा बांधला. मुकादम एका खुंट्यावर बसला. थोड्या वेळाने तो म्हणाला, "काका, आता तुम्हाला खाली सोडता येणार नाही."

"माहीत आहे."

"डोळ्याचं लपवलंत ते मी समजू शकतो. पण मावशीला चारचौघांत एवढं बोललात, ते कशाला?"

काकांना हा प्रश्न अवघड गेला. ते सरळ माणूस आहेत, सरळच बोलले. "डोळ्याचं बोललो असतो तर पाणी गेलं असतं. हिला बोललो तर काय जाणार होतं? ही कुठं जात नाही, हे मला ठाऊक होतं."

मी मावशीकडे पाहिलं. मुकादम टेबल बंद करायला आला तेव्हा न आलेलं पाणी आता तिच्या डोळ्यांत आलं होतं. तिने सूटची घडी घातली, तो काखेत धरला आणि कुणाला काही न बोलता घराच्या रस्त्याला लागली. मी मनात म्हटलं, बरं केलंस मावशी, जा. आणि मला रडू आलं, दोघांचंही.

काका तिच्यामागे निघाले. भरभर चालत तिला गाठलं, पण गाठलं ते चुकीच्या बाजूने; ती त्यांच्या डावीकडे राहिली. ती थांबली होती, अगदी हाताच्या अंतरावर, आणि त्यांना ती दिसतच नव्हती. ते पुढं बघत राहिले, मागं बघितलं, आणि आयुष्यभर काळोख्या पाण्यात भिंत चाचपत आलेला तो माणूस भर उजेडात डावा हात पुढं करून हवेत चाचपायला लागला. आम्ही सगळे बघत होतो. कुणालाही ओरडून सांगायचं सुचलं नाही.

मावशीने थोडा वेळ त्यांना चाचपू दिलं. मग तो हात धरला.

"इथंच आहे," ती म्हणाली. "पण ते तुम्ही धरून चालायचं नाही."

काकांनी मान हलवली. ती दोघं तशीच हात धरून घराकडे गेली, आणि मुकादमाने आम्हाला पाण्यात उतरायला सांगितलं.